ग्रॅम आणि एएमयू: गुणायचं की भागायचं, आणि दोन्हीकडे आकडा तोच कसा?

कोरीपाटी (धागाकर्ती)

नमस्कार. रसायनशास्त्र शिकायला सुरुवात करून फार दिवस झालेले नाहीत. काल चाचणीत सोपा म्हणावा असा प्रश्न होता: सोन्याच्या एका अणूचं वस्तुमान १९६.९७ एएमयू (अणूंचं वस्तुमान मोजायचं एकक) आहे, तर ते ग्रॅममध्ये किती? मी १९६.९७ ला अॅव्होगॅड्रो अंकाने, म्हणजे ६.०२२ × १०^२३ ने गुणलं. (१०^२३ म्हणजे दहाचा तेविसावा घात, इथे तसंच लिहिते.) उत्तर आलं १.१८६ × १०^२६ ग्रॅम. चूक.

बरोबर उत्तर फळ्यावर लिहून दिलं, पण का ते कळलं नाही. तीन गोष्टी अडल्या आहेत.

एक, गुणायचं कधी आणि भागायचं कधी, हे मी दर वेळी पाठ करते आणि दर वेळी विसरते. दुसरी, कार्बनचा अणू १२ एएमयू आणि कार्बनचा एक मोल (म्हणजे ६.०२२ × १०^२३ अणू) १२ ग्रॅम, हा १२ दोन्हीकडे तोच कसा? हा योगायोग आहे का? आणि तिसरी, १ एएमयू म्हणजे १.६६ × १०^-२४ ग्रॅम हे कुणी आणि कशावर तोलून काढलं?

उंबरठा

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. पाठ करायला दोनच ओळी आहेत, आणि खरं तर त्याही एकच:

१ एएमयू = १.६६०५४ × १०^-२४ ग्रॅम
१ ग्रॅम = ६.०२२१४ × १०^२३ एएमयू

दुसरी ओळ म्हणजे पहिलीचा व्यस्त. १ भागिले १.६६०५४ × १०^-२४ करून पाहा, ६.०२२ × १०^२३ च मिळेल. आकडेमोड करताना एकक सोडून नुसता आकडा लिहायचा नाही. '१९६.९७ एएमयू × १.६६०५४ × १०^-२४ ग्रॅम प्रति एएमयू' असं पूर्ण लिहिलं की एएमयू आणि प्रति एएमयू एकमेकांना खातात, ग्रॅम उरतो. उत्तर ३.२७१ × १०^-२२ ग्रॅम. तुम्ही केलं तसं गुणलं असतंत तर एककांत 'एएमयू वर्ग प्रति ग्रॅम' असं काहीतरी उरलं असतं, आणि तिथेच हात थांबला असता.

तराजू

उंबरठा यांच्याशी सहमत. त्यात एक सवय जोडतो. मी बरीच वर्षं हा विषय शिकवला, आणि माझ्या अनुभवात सूत्रापेक्षा ही सवय जास्त टिकते.

उत्तर आल्यावर ते कशाएवढं आहे ते बघा. चंद्राचं वस्तुमान सुमारे ७.३ × १०^२५ ग्रॅम आहे. तुमचा सोन्याचा एक अणू चंद्राच्या दीडपटीहून जड झाला. हे टोचून बोलत नाही, घातांकातली चूक किती दूर नेते ते दिसावं म्हणून सांगतोय. भागायच्या जागी गुणलं की उत्तर अॅव्होगॅड्रो अंकाच्या वर्गाइतकं, म्हणजे ३.६ × १०^४७ पट चुकतं. एवढी मोठी चूक नजरेतून सुटायलाच नको.

म्हणून एक पट्टा लक्षात ठेवा. सर्वांत हलका अणू हायड्रोजनचा, १.६७ × १०^-२४ ग्रॅम. आजवर बनवलेले सर्वांत जड अणू ३०० एएमयूच्या आतबाहेर, म्हणजे साधारण ५ × १०^-२२ ग्रॅम. कुठल्याही एका अणूचं ग्रॅममधलं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये पडलं पाहिजे. घातांक अधिक आला, किंवा उणे ४६ वगैरे आला, तर पान उलटण्याआधी गणित परत करायचं.

कोरीपाटी

चंद्राची तुलना आता विसरणार नाही. (आणि मी लहान आहे, मला अरेतुरे केलंत तरी चालेल.) पहिली अडचण सुटली. दुसरी तशीच आहे. आमच्या पुस्तकात 'अणुवस्तुमान ग्रॅममध्ये घेतलं की एक मोल' एवढंच वाक्य आहे. असं का घडतं ते नाही.

तराजू

हा प्रश्न पडला हे फार चांगलं झालं. बरेच जण ते वाक्य पाठ करून पुढे जातात आणि मग कायम अडखळतात. जरा सविस्तर लिहितो.

समज, तुझ्यासमोर दोन ढीग आहेत, एकात लाकडाचे मणी आणि दुसऱ्यात काचेचे. मणी इतके बारीक की एकेकटा तोलता येत नाही. पण काचेचा प्रत्येक मणी लाकडाच्या मण्याच्या बारापट जड आहे एवढं कुठून तरी कळलं आहे. आता लाकडाचे मणी १ ग्रॅम घे आणि काचेचे १२ ग्रॅम. दोन्ही ढिगांत किती मणी आहेत? ठाऊक नाही. पण संख्या सारखी आहे हे नक्की.

एकोणिसाव्या शतकातले रसायनशास्त्रज्ञ याच अवस्थेत होते. जॉन डाल्टनने १८०३ च्या सुमारास हायड्रोजन १ धरून बाकीच्या मूलद्रव्यांची सापेक्ष वस्तुमानं मांडायला सुरुवात केली. अणू केवढा असतो याचा पत्ता नव्हता, गुणोत्तरं मात्र हाती येत होती. ग्रॅम तर त्याच्याही आधीचा, फ्रान्समध्ये १७९५ साली पाण्याच्या एका घन सेंटिमीटरवरून ठरवलेला. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. मग सोय म्हणून अणुवस्तुमानाचा आकडा घेऊन पुढे ग्रॅम लिहायची पद्धत पडली. हायड्रोजन १ ग्रॅम, कार्बन १२ ग्रॅम, ऑक्सिजन १६ ग्रॅम. प्रत्येक ढिगात अणू सारखेच. किती, ते कुणालाच माहीत नव्हतं.

ती अज्ञात संख्या म्हणजेच अॅव्होगॅड्रो अंक. अॅव्होगॅड्रो १८५६ साली वारले, त्यांनी हा आकडा कधी पाहिलाही नाही. १८११ मध्ये त्यांनी एवढंच म्हटलं होतं की सारख्या तापमानाला आणि दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या सारखी असते. रेणूच्या आकाराचा पहिला बरा अंदाज लोश्मिट यांनी १८६५ मध्ये बांधला. आणि अॅव्होगॅड्रोंचं नाव या संख्येला १९०९ मध्ये जाँ पेराँ यांनी दिलं.

आता तुझा १२. कार्बनचा एक अणू १२ एएमयू. असे ६.०२२ × १०^२३ अणू एकत्र केले की वस्तुमान १२ × ६.०२२ × १०^२३ एएमयू. यातलं '६.०२२ × १०^२३ एएमयू' म्हणजे उंबरठा यांची दुसरी ओळ: बरोबर १ ग्रॅम. राहिले १२ ग्रॅम. म्हणजे एका मोलमध्ये किती कण, आणि एका ग्रॅममध्ये किती एएमयू, या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे, कारण मोल तसाच बेतला गेला. यात योगायोग काहीही नाही.

पिपेट

वा, मण्यांचं उदाहरण नेमकं आहे. त्याला एक पुरावा जोडते. कारखान्यांसाठी रासायनिक अभियांत्रिकी करणारे लोक किलोग्रॅम-मोल आणि पौंड-मोल वापरतात. पौंड-मोल कार्बन म्हणजे १२ पौंड कार्बन. त्यातल्या अणूंची संख्या ६.०२२ × १०^२३ नसते, तिच्या ४५३.५९ पट असते, कारण एका पौंडात ४५३.५९ ग्रॅम. १२ तोच राहिला, संख्या बदलली. आपण ग्रॅम निवडला म्हणून आपला आकडा ६.०२२ × १०^२३ आहे, निसर्गाने तो कुठेही कोरून ठेवलेला नाही.

निळीशाई

मला हे सगळं उगाच लांबवल्यासारखं वाटतं. प्रोटॉन १ एएमयू, न्यूट्रॉन १ एएमयू, इलेक्ट्रॉन नगण्य. कार्बनमध्ये सहा आणि सहा, झाले १२. ते प्रोटॉनच्या वस्तुमानाने गुणा, ग्रॅम मिळाले. एवढ्यात काम होतं की.

घनमूळ

निळीशाई, ढोबळ अंदाजाला चालेल, पण नेमकं इथेच पाणी मुरतं. प्रोटॉन १ एएमयू नाही, १.००७२७६ आहे. न्यूट्रॉन १.००८६६५. इलेक्ट्रॉन ०.०००५४८६. सहा-सहा-सहा घेऊन बेरीज करा: १२.०९८९ येते. आणि कार्बन-१२ चा अणू मात्र बरोबर १२, कारण व्याख्याच तशी आहे.

मग ०.०९८९ एएमयू गेलं कुठे? सुटे कण एकत्र येऊन अणू बनताना ते ऊर्जेच्या रूपात बाहेर पडलं. १ एएमयू म्हणजे ९३१.४९ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, त्या हिशेबाने सुमारे ९२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. केंद्रक ज्या घट्टपणे बांधलेलं असतं त्याची ही किंमत, आणि ती प्रत्येक केंद्रकाला वेगळी. म्हणून कणांची नुसती मोजणी करून वस्तुमान मिळत नाही. एक कुठला तरी अणू मापदंड म्हणून धरावाच लागतो.

कुठला धरायचा यावरून बराच काळ घोळ होता. ऑक्सिजन १६ धरायची पद्धत होती. १९२९ मध्ये कळलं की ऑक्सिजनचे १७ आणि १८ हेही समस्थानिक (प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन कमी-जास्त असे अणू) निसर्गात असतात. तेव्हापासून भौतिकशास्त्रज्ञ निव्वळ ऑक्सिजन-१६ ला १६ म्हणत आणि रसायनशास्त्रज्ञ नैसर्गिक मिश्रणाला १६ म्हणत. दोन एएमयूंमध्ये १.०००२७५ पटीचा फरक. नाव एक, अर्थ दोन! १९६० आणि १९६१ मध्ये दोन्ही बाजूंच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी कार्बन-१२ वर समेट केला: त्याच्या एका अणूचा बारावा भाग म्हणजे एकक. त्याला 'यू' किंवा 'डाल्टन' म्हणतात. काटेकोर बोलायचं तर 'एएमयू' हे जुन्या ऑक्सिजनवाल्या एककाचं नाव, पण आज लोक एएमयू म्हणतात तेव्हा त्यांना यूच अभिप्रेत असतो.

आता धागाकर्तीचा तिसरा प्रश्न. माझ्या मते सगळ्यात सुंदर तोच आहे. अणू तराजूवर ठेवता येत नाही, मग १.६६ × १०^-२४ आलं कुठून? दोन वाटा दाखवतो. दोन्ही एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, आणि कागद-पेन्सिलने तपासता येतात.

पहिली वाट चांदीची. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून १ अँपिअर प्रवाह १ सेकंद सोडला की ऋणाग्रावर ०.००१११८ ग्रॅम चांदी जमा होते. ही मोजणी इतकी भरवशाची होती की १९०८ मध्ये आंतरराष्ट्रीय अँपिअरची व्याख्याच तिच्यावरून केली. चांदीचा प्रत्येक आयन एक इलेक्ट्रॉन घेतो. मिलिकन यांच्या तेलाच्या थेंबांच्या प्रयोगाने इलेक्ट्रॉनवरचा प्रभार मोजता आला, आजचा आकडा १.६०२२ × १०^-१९ कूलॉम. म्हणजे चांदीच्या एका अणूचं वस्तुमान ०.००१११८ × १.६०२२ × १०^-१९ = १.७९१३ × १०^-२२ ग्रॅम. चांदीचं सापेक्ष अणुवस्तुमान १०७.८७. भागा: १.६६०६ × १०^-२४ ग्रॅम.

दुसरी वाट सिलिकॉनची. सिलिकॉनच्या स्फटिकात अणू ओळीने रचलेले असतात. क्ष-किरणांनी मोजलं तर त्याच्या एकक पेशीची (पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान घनाची) बाजू ५.४३१ × १०^-८ सेंटिमीटर भरते. घन केला की आकारमान १.६०१९ × १०^-२२ घन सेंटिमीटर. घनता २.३२९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. गुणा, एका पेशीचं वस्तुमान ३.७३०९ × १०^-२२ ग्रॅम. एका पेशीत आठ अणू. आठाने भागा, ४.६६३६ × १०^-२३. सिलिकॉनच्या अणुवस्तुमानाने, २८.०८५ ने भागा: १.६६०५ × १०^-२४ ग्रॅम.

एकीकडे वीज आणि चांदीचा मुलामा, दुसरीकडे क्ष-किरण आणि फूटपट्टीसारखी मोजणी. कुठेही अॅव्होगॅड्रो अंक वापरला नाही, आणि तरी दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचल्या. मी पहिल्यांदा ही दोन गणितं शेजारी-शेजारी मांडली तेव्हा बराच वेळ त्या पानाकडे बघत बसलो होतो.

कोरीपाटी

घनमूळ, दोन्ही गणितं आत्ता स्वतः करून पाहिली. खरंच येतं! पुस्तकातला आकडा माझ्या वहीत उगवला. मनापासून आभार.

पण एक शंका. चांदीचं १०७.८७, सिलिकॉनचं २८.०८५. क्लोरीनचं ३५.४५. मग क्लोरीनच्या एका अणूचं वस्तुमान ३५.४५ × १.६६०५४ × १०^-२४ म्हणू का?

तराजू

इथे बहुतेक पाठ्यपुस्तकं 'हो' म्हणतील आणि उत्तरपत्रिकेत ५.८८७ × १०^-२३ ग्रॅमला पूर्ण गुण मिळतील. पण तेवढ्या वस्तुमानाचा क्लोरीनचा अणू जगात एकही नाही. साधारण शंभरातले ७६ अणू ३४.९६९ यूचे आणि २४ अणू ३६.९६६ यूचे. म्हणजे एकेक अणू एकतर ५.८०७ × १०^-२३ ग्रॅमचा किंवा ६.१३८ × १०^-२३ ग्रॅमचा. ३५.४५ ही सरासरी. ढीगभर क्लोरीन तोलताना ती अगदी बरोबर चालते, एका अणूबद्दल बोलताना नाही. म्हणून उत्तरात 'सरासरी' हा एक शब्द लिही.

तुझ्या चाचणीतलं सोनं या बाबतीत सरळ आहे. निसर्गात त्याचा एकच समस्थानिक, सोनं-१९७. तिथे सरासरी आणि एकटा अणू यांत भेद उरत नाही.

पिपेट

माझं काम प्रथिनांचं, तिथे डाल्टनशिवाय पान हलत नाही. इन्सुलिन सुमारे ५८०८ डाल्टन, हिमोग्लोबिन सुमारे ६४,५०० डाल्टन, बोलताना '६४ किलोडाल्टन'. नवीन येणारी मुलं एक चूक हमखास करतात: '५८०८ ग्रॅम' म्हणतात, 'प्रति मोल' खाऊन टाकतात. ५८०८ डाल्टन ही एका रेणूची गोष्ट आहे, ५८०८ ग्रॅम प्रति मोल ही मोलाची. आकडा एक असला तरी वाक्य वेगळं.

प्रयोगशाळेत खरा लागणारा हिशेब असा: १ मिलिग्रॅम इन्सुलिनमध्ये रेणू किती? ०.००१ × ६.०२२ × १०^२३ = ६.०२२ × १०^२० डाल्टन. एकेक रेणू ५८०८ डाल्टनचा. भागा, १.०४ × १०^१७ रेणू. मोल हा शब्द न वापरताही गणित सुटतं, फक्त सगळं एकाच एककात आणायचं.

उंबरठा

अवांतर नाही, पण थोडं बाजूचं. २० मे २०१९ पासून व्याख्या बदलली ना? मग 'कार्बन-१२ चा मोल बरोबर १२ ग्रॅम' हे अजून खरं आहे का?

घनमूळ

आता 'बरोबर' हा शब्द गळला. त्या दिवसापासून अॅव्होगॅड्रो अंक ६.०२२१४०७६ × १०^२३ असा कायमचा नेमून दिला आहे, आणि किलोग्रॅमही प्लॅटिनम-इरिडियमच्या ठोकळ्यावरून सुटून प्लांकच्या स्थिरांकावर आला. कार्बन-१२ चा अणू १२ यू हे मात्र पूर्वीसारखंच. त्यामुळे मोलाचे १२ ग्रॅम आता मोजून मिळतात, आणि फरक पडलाच तर तो साधारण अब्जाव्या भागाइतका. त्या कामासाठी जवळजवळ निव्वळ सिलिकॉन-२८ चे सुमारे एक किलोग्रॅमचे गोळे घासून बनवले होते, व्यास ९३.७ मिलिमीटरच्या जवळपास. गणित मी वर दिलं तेच, फक्त अंक कितीतरी जास्त. वहीतल्या उदाहरणांत यामुळे काहीच बदलत नाही.

तराजू

कोरीपाटी, आता उलट बाजूने एक सोडव. कार्बन आणि ऑक्सिजनच असलेल्या एका रेणूचं सरासरी वस्तुमान ७.३०८ × १०^-२३ ग्रॅम आहे. रेणू कोणता?

कोरीपाटी

ग्रॅमवरून यूकडे, म्हणजे लहान एककाकडे, म्हणजे आकडा फुगला पाहिजे. ७.३०८ × १०^-२३ × ६.०२२ × १०^२३ = ४४.०१ यू. कार्बन १२.०१ वजा केला, ३२.०० उरले, ऑक्सिजनचे दोन अणू. कार्बन डायऑक्साइड!

पण तुम्ही कार्बन आणि ऑक्सिजन सांगितलं नसतंत तर? नायट्रस ऑक्साइडही ४४.०१ च येतं. दोघांत फरकच नाही का?

पिपेट

आहे, आणि वस्तुमान-वर्णपटमापकाला (रेणूंचं वस्तुमान अगदी बारकाईने मोजणाऱ्या यंत्राला) तो दिसतो. प्रत्येक मूलद्रव्याचा मुख्य समस्थानिक धर. कार्बन डायऑक्साइड: १२ + २ × १५.९९४९१५ = ४३.९८९८३ यू. नायट्रस ऑक्साइड: २ × १४.००३०७४ + १५.९९४९१५ = ४४.००१०६ यू.

निळीशाई

थांबा. दोन्ही रेणूंत २२ प्रोटॉन, २२ न्यूट्रॉन, २२ इलेक्ट्रॉन आहेत. आत्ता दोनदा मोजले. माझ्या हिशेबाने दोघांचं वस्तुमान शेवटच्या अंकापर्यंत सारखं यायला हवं होतं. म्हणजे हा सगळा फरक घनमूळ म्हणाले त्या बांधणीचा. पटलं, माझं वरचं विधान मागे घेतो.

कोरीपाटी

फरक ०.०११२३ यू. ग्रॅममध्ये १.८६ × १०^-२६. हायड्रोजनच्या अणूपेक्षा लहान आला म्हणून आधी दचकले, पण हा अणू नाहीच, दोन रेणूंमधला फरक आहे, तेव्हा पट्ट्याच्या खाली जाणारच. इलेक्ट्रॉन ९.१०९ × १०^-२८ ग्रॅमचा धरून भागलं, तर साधारण वीस इलेक्ट्रॉनांच्या वस्तुमानाइतका भरतो.